ओबरहोफरांच्या डोक्यावरची सतार

संगीताला सीमा नसतात, असं याल्कुनचं ठाम मत होतं. म्युनिकमध्ये जिथे जिथे त्याचा कार्यक्रम होई तिथे तो हे सांगे आणि लोक टाळ्या वाजवत. घरी मात्र संगीताची सीमा सोफ्याच्या डाव्या कडेला होती. ती त्याच्या बायकोने, रिझवानगुलने, आखून दिली होती. पलीकडे गजाने वाजवायची उइगुर सतार, इराणी संतूर आणि चेलो, अलीकडे माणसं.

ही फाळणी दोन्ही पक्षांना मान्य होती. पण खालच्या मजल्यावरच्या ओबरहोफरांनी घरमालकिणीकडे तक्रार केली की, दुपारच्या शांततेच्या वेळात वरून सूर येतात.

दुपारी एक ते तीन त्या इमारतीत लोक नळसुद्धा अर्धाच सोडत. घरमालकीण किर्शलाइटनरबाई फोनवर म्हणाल्या, "शनिवारी दुपारी मी स्वतः येऊन ऐकते. आवाज आला, तर दुसरी जागा बघा."

म्युनिकमध्ये ज्याने एकदा घर शोधलंय, तो पुन्हा शोधत नाही. तो म्युनिक सोडतो.

"खरं सांगा," रिझवानगुल म्हणाली, "मी दुकानात गेले की वाजवता ना?"

"वाजवत नाही गं. आईशप्पथ."

"त्यांना मधे आणू नका. त्या असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दोघं सोफ्यावर हाताची घडी घालून बसली. थोड्या वेळाने कोपऱ्यातली सतार गुणगुणायला लागली. रिझवानगुलने आधी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, मग खात्रीसाठी पायांकडे.

तेवढ्यात खालून कुणीतरी छताला झाडूचा दांडा ठोकला. त्या धक्क्याने संतूरच्या सगळ्या तारा झणझणल्या आणि चेलो हुंकारला. खालून आणखी जोरात ठोकलं. वरून आणखी जोरात झणझणलं.

"शेजाऱ्यांना उलट उत्तरं देताय?"

"मी कुठे? ही देतायत."

तिथून याल्कुनची बैठक मोडली. संतूर त्याने पलंगावर रजईखाली निजवलं. चेलो गॅलरीत नेला, आभाळ भरून आलं तसा परत आणला. सतार कपाटात ठेवली, तर कपाट गुणगुणायला लागलं.

"तारा सैल करा ना सरळ."

"उस्ताद सांगायचे, वादक गेला की तारा उतरवायच्या. मी अजून आहे."

"शनिवारपर्यंत," रिझवानगुल म्हणाली.

शनिवारी सकाळी त्याने सतार न्हाणीघरातल्या टबात टॉवेल अंथरून ठेवली आणि दार लावून घेतलं. फरशीच्या खोलीत आवाज दुप्पट होतो, हे या पट्टीच्या वादकाला गडबडीत सुचलं नाही.

किर्शलाइटनरबाई एकच्या ठोक्याला आल्या. चहा झाला, नान झाला. तिघंही कान टवकारून बसली. याल्कुनने चहाचा कटोरा दोन्ही हातांनी धरून ठेवला, म्हणजे हात दिसत राहावेत. आणि आतून सूर आला.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग गातंय कोण?"

बाईंनी दार उघडलं. टबात आडवी पडून सतार एकटीच गात होती. याल्कुनने धावत जाऊन तारांवर पंजा ठेवला. सूर थांबला, आणि त्या शांततेत टबाच्या मोरीतून लांबलचक, भारदस्त घर्रर्र वर आलं.

याल्कुन खाली बसला. हा सूर त्याच्या ओळखीचा होता. घरातला कायमचा आवाज पकडावा आणि त्याला तारा मिळवाव्यात, ही त्याच्या उस्तादांची रीत. गेले कित्येक महिने तो दुपारी तारांवर नख फिरवत, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्याने, नेमक्या याच सुराला सतार लावत होता; तो सूर उठला की तारा आपोआप साद देत.

"मला वाटलं हीटिंगचा पाइप आहे," तो पुटपुटला. "फार सुरेल पाइप वाटला हो."

"पाइप नाही," किर्शलाइटनरबाई म्हणाल्या. "हे ओबरहोफर आहेत."

सगळी वरात खाली गेली. ओबरहोफरांनी गंजीफ्रॉकवरच दार उघडलं. गालावर उशीची नक्षी होती.

"मी घोरत नाही," ते म्हणाले. "मी चर्चमध्ये खर्ज गातो."

"तोच तो," याल्कुन आदराने म्हणाला. "काय भरदार आवाज आहे."

घर वाचलं. शिवाय झाडूबद्दल ओबरहोफरांनाच समज मिळाली.

संध्याकाळी ओबरहोफरबाई आलुबुखारचा केक घेऊन वर आल्या. याल्कुनला राहवेना. माणसाचा हात न लागता तीन परंपरा एका श्वासाला कशा साद देतात, काशगर, शिराझ आणि बव्हेरिया एकाच छपराखाली कसे सुरात येतात, हे तो त्यांना दारातच समजावून सांगू लागला. बाई केकची बशी धरून उभ्या होत्या. मधेच एकदा त्यांनी बशीचा हात बदलला.

"खरंय हो," शेवटी त्या म्हणाल्या आणि मागे जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "तुमची ती टबातली वाजली ना, की हे दचकून उठतात आणि घोरणं थांबतं. तेवढी ती इकडच्या खोलीत सरकवाल का? रात्री आम्ही बरोबर तिच्या खाली झोपतो."