आत्याच्या फोटोची अँटेना

रेडिओची खरखर घालवणं म्हणजे माझ्या हातचा मळ! निदान परवा-परवापर्यंत तरी होता. दुकानात खोक्यातून मिळतात त्या अँटेना मला लागत नाहीत. थोडी तांब्याची तार, एखादी लाकडी चौकट आणि माझं डोकं, एवढं पुरतं. बायकोचं म्हणणं, यातली शेवटची वस्तू तरी दुकानातून आणायला हवी होती. पण तिचं ऐकत बसलो असतो तर मी घरातलं काहीच दुरुस्त केलं नसतं. (ती म्हणते, "मी दुसरं काय सांगतेय?")

तर झालं असं, की आत्याचा फोन आला.

आत्याचा फोन आला की आमच्या घरात काय होतं, ते आधी सांगायला हवं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. तिथून ती निवृत्त झाली, पण हे तिला सांगायची अजून कोणाची हिंमत झालेली नाही. तिच्या बुटांचा आवाज आला की पेशंट आपोआप उताणे होऊन थर्मामीटरसाठी तोंड उघडायचे म्हणे! माझे बाबा सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, पण 'ताईचा फोन' म्हटलं की शर्टाचं वरचं बटण लावतात. फोनवर! मी अर्थातच तिला घाबरत नाही. फक्त तिच्याशी बोलताना उभा राहतो, कारण बसून माझा आवाज फुटत नाही.

"गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता रेडिओवर माझं भाषण लागणार आहे," आत्या म्हणाली. "आधीच भरून घेतलंय त्यांनी. विषय, भीती कशी घालवावी. सगळ्यांनी ऐकायचं. नंतर मी विचारणार आहे."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. 'विचारणार' हा शब्द ऐकून बाबा हळूच खाली बसले.

"माझ्याकडे मेलं ते स्टेशनच लागत नाही," आत्या पुढे म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम उतरला. "नुसती खरखर. जन्मभर दुसऱ्यांना बोलत आले, पण आपला आवाज रेडिओवर कसा येतो, ते काही मला ऐकायला मिळणार नाही. तुमच्याकडे लागतं ना रे?"

आता खरं उत्तर होतं, 'नाही'. मध्यम लहरींवरचं ते जुनं, लहानसं स्टेशन. आमच्याकडे ते लावलं की तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज यायचा आणि त्याच्यामागे कोणीतरी तोंडावर गोधडी घेऊन बातम्या सांगायचं. पण आत्याचा तो उतरलेला आवाज ऐकून मला काय झालं कोण जाणे!

"लागतं म्हणजे?" मी म्हणालो. "बोलणारा पलीकडच्या खोलीत बसलाय असं वाटतं, आत्या!"

फोन ठेवला आणि बाबा माझ्यावर घसरले. "अरे, काल हवामानाचा अंदाज चालू होता की शोकसभा, ते कळत नव्हतं! आता ताई प्रश्न विचारेल तेव्हा काय सांगू? खरखर?"

"मोबाईलवर नाही का लागत?" बायकोने विचारलं.

"ते स्टेशन अजून मोबाईलपर्यंत पोचलेलं नाही," मी म्हणालो. "काळजी नको. घरातल्या घरात अँटेना करतो. दोन दिवस आहेत!"

तार होती. अडलं चौकटीवर. चौकट जितकी मोठी तितकं स्टेशन चांगलं लागतं, आणि आमच्या घरात मोठी लाकडी चौकट एकच, आत्याच्या फोटोची! निवृत्तीच्या वेळी हॉस्पिटलातल्या लोकांनी तो मुद्दाम काढवून घेतला होता. पांढऱ्या गणवेशातली आत्या, कमरेपासून वर, जवळजवळ खऱ्या आत्याएवढी. एक प्रत आमच्या वाट्याला आली. आत्या यायची असली की आम्ही तो टांगतो. एरवी कपाटामागे उलटा असतो, कारण त्या नजरेसमोर कोणाला घास गिळवत नाही.

मी फोटो कपाटामागून बाहेर काढला आणि चौकटीच्या कडेने तार गुंडाळायला बसलो. तार सारखी निसटायची. शेवटी ती आवळून धरायला दोन आडव्या दोऱ्या मारल्या. एक आत्याच्या कपाळावरून गेली, दुसरी बरोबर तोंडावरून.

"ताईचं तोंड बांधलंस?" बाबा दचकून म्हणाले. मग बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. "तसं... वाईट नाही दिसत."

तारेची दोन टोकं रेडिओच्या मागच्या स्क्रूंना जोडली आणि फोटो उचलून मी घरभर हिंडलो. स्वयंपाकघरात खरखर. खिडकीत खरखर. पण हॉलमधल्या आतल्या भिंतीला फोटो टेकवला आणि काय सांगू! स्टेशन असं खणखणीत लागलं, की निवेदकाने घोट घेतलेला ऐकू आला! बायकोनेसुद्धा "अगंबाई!" म्हटलं. माझ्याबाबतीत ती 'अगंबाई' म्हणते, पण सहसा काही फुटल्यावर.

अडचण एकच. त्या भिंतीपलीकडे लिफ्ट होती. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर गच्चीत लिफ्टचं मशीन. लिफ्ट हलली की रेडिओ 'भर्रर्र' करून ओरडायचा आणि निवेदक बिचारा मधल्या मधे बुडायचा.

"त्यात काय!" मी म्हणालो. मी इमारतीच्या कमिटीत आहे. लिफ्टच्या मशीनच्या खोलीची किल्ली आमच्याच घरात खिळ्याला असते. "भाषणापुरती बंद ठेवू!"

गुरुवारी पाचच्या ठोक्याला मी गच्चीवर होतो. लिफ्ट वर येत आमच्या मजल्याजवळ पोचल्याचा आवाज आला. मशीन घरघरत होतं.

"अहो, आत कोणी आहे का ते तरी बघा!" बायको जिन्यातून ओरडली.

"या वेळी कोण असणार? उगाच घाबरवू नकोस!" मी म्हणालो आणि खटका ओढला. मशीनने एक उसासा टाकला. सगळीकडे शांत झालं. ती शांतता तेव्हा मला फार गोड वाटली.

धावत खाली आलो. आत्याचं भाषण सुरू झालंच होतं. काय आवाज लागला होता! खरखरीचा मागमूस नाही! बायकोने मोबाईल पुढे करून सगळं त्यात भरून घ्यायला सुरुवात केली. बाबा वरचं बटण लावून बसले. मी डोळे मिटून कान लावला.

"भीती वाटली की प्रथम एक दीर्घ श्वास घ्यावा," रेडिओ म्हणाला.

धप्प! भिंतीतून आवाज आला.

"आरडाओरडा करू नये. त्याने भीती वाढते."

धप्प! धप्प! आणि मागोमाग काहीतरी किंचाळल्यासारखं.

"कोण ते?" बाबा कुजबुजले.

"शेजारचे! भिंतीत खिळे ठोकायला हीच वेळ मिळाली!" मी उठलो, मुठीने भिंतीवर दणादण ठोसे मारले आणि खच्चून ओरडलो, "ए, गप्प बस! इथे माणसं ऐकतायत!"

भिंत जागच्या जागी गप्प झाली. मी बायकोकडे असं बघितलं, की बघ, घरात पुरुष माणूस असलेला बरा.

भाषण संपलं. मी रेडिओ बंद केला. खोलीत अगदी सामसूम.

आणि फोटो म्हणाला, "झालं ऐकून?"

आत्याचाच आवाज! तोच, तसाच, फोटोतून! बांधलेल्या तोंडातून!

मी रेडिओकडे बघितलं. बंद होता. प्लग उपटला.

"कोण रे तिथे?" फोटोने विचारलं. "उत्तर दे!"

माझी बोबडी वळली. खोटं कशाला सांगू, त्याही स्थितीत मेंदूच्या एका कोपऱ्यात विचार येऊन गेला, की काय अँटेना झालीय! रेडिओशिवाय वाजते!

बाबा मात्र पांढरेफटक पडले होते. "ताई गेली!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "गेली रे! तिकडून बोलतेय! सकाळी तिचा फोन आला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसलो! काय सांगायचं होतं तिला, ते राहूनच गेलं!"

घरात एकट्या बायकोचं डोकं ठिकाणावर होतं. ती अगदी सावकाश म्हणाली, "अहो. या फोटोमागे भिंत आहे. भिंतीमागे लिफ्ट आहे. लिफ्ट तुम्ही बंद केलीय."

तिच्या प्रत्येक वाक्याला माझ्या पोटात एकेक मजला खचत गेला. देवाशपथ सांगतो, त्यापेक्षा भूत परवडलं असतं!

"आत्या इथे कशी येईल?" मी ततपप करत म्हणालो.

"तुम्हीच नाही का सांगितलंत, पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखं ऐकू येतं म्हणून? आल्या असतील ऐकायला! सकाळचा फोन त्यासाठीच असेल. आता उभे काय राहिलात? जा, चालू करा!"

मी किल्लीकडे झेपावलो, तोच बाबांनी माझा दंड धरला. डोळे अजून ओलेच होते, पण भीती आता वेगळी होती.

"थांब!" ते म्हणाले. "चालू केलीस तर ती बाहेर येईल!"

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"आणि नाही केली तर?" मी विचारलं.

"ते कळतंय रे. पण जरा विचार तर करू..."

"मला सगळं ऐकू येतंय," भिंत म्हणाली.

मी गच्चीवर कसा पोचलो ते आठवत नाही. खटका वर केला, खाली धावलो, बटण दाबलं. लिफ्ट कण्हत कण्हत वर आली. दार उघडायला हात पुढे होईना. शेवटी डोळे मिटून ओढलं, आणि आता वीज कोसळणार म्हणून खांदे आक्रसून घेतले.

काहीच कोसळलं नाही. डोळे उघडले. आत्या लिफ्टच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. पर्स छातीशी घट्ट धरलेली. अंबाडा सुटून मानेवर आलेला. इतकी लहानखुरी आत्या मी कधी बघितली नव्हती.

"हात दे," ती म्हणाली.

तिचा हात बर्फासारखा गार होता आणि लटलट कापत होता. ज्या हाताने आम्हा सगळ्यांना औषधं पाजली, कान उपटले, तो हात! मला भडभडून आलं. स्वतःची एवढी लाज मला आजवर वाटली नव्हती.

"फार घाबरले रे मी," ती पुटपुटली. इतक्या हळू, की कुठल्याही अँटेनाला ते पकडता आलं नसतं.

मग तिने अंबाडा बांधला, पदर सारखा केला, आणि आवाज परत आला. "हा गाढवपणा कोणाचा?"

मी लिफ्टचं दार लावून घेतलं. तिने जास्त विचारलं नाही. तिला माहीत होतं.

घरात शिरलो तर बाबांनी शहाणपणा केलेला! फोटोतली दोऱ्या-तारांची भानगड दिसू नये म्हणून त्यावर पांढरी चादर टाकली होती.

आत्या उंबऱ्यातच थबकली. "माझ्यावर चादर का टाकलीय? मी मेले का?"

"नाही गं ताई," बाबा म्हणाले, "मघाशी जराशी... पण आता नाही." आणि त्यांनी घाईघाईने बटण लावलं.

नेमक्या त्याच क्षणी चादर घसरली. खरी आत्या आणि तोंड बांधलेली आत्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"आत्या, ती अँटेना आहे," मी म्हणालो.

"असं होय!" ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं!

ती खुर्चीत टेकली. बायकोने पाणी दिलं. दोन घोट घेतल्यावर आत्याने विचारलं, "संपलं ना भाषण?" परवाचाच तो उतरलेला आवाज. दोन बस बदलून ही बाई स्वतःचा आवाज ऐकायला आली होती, आणि मी तिला भिंतीत कोंडलं होतं. "कसं झालं रे? काय काय बोलले मी?"

"एकदम स्वच्छ, आत्या! खरखर म्हणून नाही!"

"ते झालं. बोलले काय?"

मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं! मी सगळा वेळ खरखर येते का तेवढंच ऐकत होतो. बाबांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

शेवटी बायकोने मोबाईल आणून आत्याच्या हातात दिला. "सगळं भरून ठेवलंय, आत्या. ऐका."

आत्या सरसावून बसली. तिचा आवाज खोलीत भरला. ठाम, शांत. तिचा चेहरा बघता बघता उजळला. "घाबरू नका," मोबाईलमधली आत्या सांगत होती. "आरडाओरडा करू नये. त्याने भीती वाढते."

आणि त्याच्या मागून, तितक्याच स्वच्छ, "धप्प! धप्प! अरे मेले, मेले! काढा रे मला कोणीतरी!"

बायकोने तोंडाला पदर लावला. मी जमिनीत एखादं भोक दिसतंय का बघत होतो, कारण पुढे काय आहे ते मला एकट्याला आठवलं होतं. आणि ते आलंच. धाड धाड धाड! "ए, गप्प बस! इथे माणसं ऐकतायत!"

आत्याने मोबाईल थांबवला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. हॉस्पिटलातली नजर.

"हा मधेच कोण?"

"आत्या, ती... ती खरखर," मी म्हणालो. "मध्यम लहरींवर येते अधूनमधून."

आत्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "पुन्हा लाव," ती म्हणाली.

तिने सगळं भाषण पहिल्यापासून परत ऐकलं. डोळे मिटून, स्वतःच्या चांगल्या वाक्यांना मान डोलवत. माझी जागा आली की तेवढा एक डोळा उघडायची.

"बरा येतो गं माझा आवाज," निघताना ती बायकोला म्हणाली. ती जिन्याने उतरली, आणि मागून तिची पर्स घेऊन मी, तळमजल्यापर्यंत.

तेव्हापासून तिचा फोन आला की ती बाबांना आधी विचारते, "खरखर आहे का घरी?"

आणि मी उठून उभा राहतो.