आजी कशानं गेली?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावर नवखा माणूस आला, की लोक गावाचं नाव विचारतात. आमच्या वेणूताई विचारत, "तुमची आजी कशानं गेली?"

तोही वरणभात कालवताना.

"देवाज्ञा झाली," असं उत्तर आलं तर भडकत. "देवाचं सर्टिफिकेट मला चालत नाही. खोकला होता का? गाठ होती का? मेलेल्या माणसाला कसली लाज? बताओ ना!"

मुलांनो, तुमची अनघाताई तिकडे परदेशात 'जेनेटिक काउन्सेलिंग' शिकते आहे. घराण्यात कॅन्सर कुणाकुणाला झाला हे विचारायचं, आणि घाबरलेल्यांना नीट समजावून सांगायचं. ते ऐकल्यावर मी फोनवर हसले ती का, ते आज सांगते. नवा मध्य प्रदेश झाला, त्या सुमारास इंदूरला आमच्याकडे हेच काम एक बाई कुणी न सांगता करत होती.

वेणूताई डॉक्टर होत्या. एकट्या, बिनलग्नाच्या. बडा गणपतीजवळ त्यांचा दवाखाना होता. मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात खडू. घराण्याचा नकाशा त्या दवाखान्याच्या फरशीवरच काढत. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आणि कॅन्सर झाला असेल त्याचं पोट खडूनं भरायचं. मग पेशंट आत येताना ओरडा व्हायचा, "अरे भिया, आजोबांवर पाय देऊ नका!" झाडणारी गंगाबाई रोज कुरकुरायची, "बाई, आज किसका खानदान पोंछूँ?"

माझ्या आईच्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझं लग्न देवासला ठरलेलं होतं. तिकडच्या कुणीतरी कुजबुज केली, की या घरात आई धरून तिघींना हाच रोग. आईच्या दोन मावश्या, ठमामावशी आणि धारच्या रमाबाई, छातीच्या गाठीनंच गेल्या होत्या. दोघींना आईनं कधी पाहिलंही नव्हतं, घरात नुसतं ऐकलेलं. देवासहून निरोप आला, 'जरा थांबू या.' आणि खरं सांगते, इंग्रजीत एम. ए. झालेली मीसुद्धा मनातून ठरवून बसले, की आपण लग्न करूच नये.

वेणूताईंनी आम्हा मायलेकींना फरशीभोवती बसवलं. तीन गोल भरले. मग भुवया आक्रसल्या.

"ठमाला दिली कुठं?"

"धारला म्हणतात," आई म्हणाली.

"आणि रमाबाईचं माहेरचं नाव काय?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावून वेणूताई धारच्या बसमध्ये बसल्या. संध्याकाळी आमच्या दारात उभ्या. चेहरा नुकत्याच जिंकलेल्या पैलवानासारखा.

"बाई एक आणि मरणं दोन! अगं, लग्नात नाव बदललं तिचं. माहेरचे ठमीला रडले, सासरचे रमाला. तुम्ही दोघींना रडत बसलात! तिच्या धाकट्या जावेनंच सांगितलं मला. आणि गेली कधी? म्हातारी होऊन, नातवाची मुंज बघून! असली गाठ वयाची, घराण्याची क्वचितच."

आई ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. वेणूताई मात्र लगेच माझ्याकडे वळल्या.

"नाचू नकोस. धोका कमी आहे, शून्य नाही. दर महिन्याला आपल्या हातानं तपासायचं. गाठ लागली तर लाजत बसायचं नाही. आणि सासरी हे सगळं आधी सांगायचं. लपवलंस तर लग्नाला मी येणार नाही."

सांगायला त्या स्वतःच देवासला आल्या. माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या दिवाणखान्यात फतकल मारून आमचा नकाशा काढला, आणि मग खडू त्यांच्याकडे रोखला. "चला, आता तुमचं. तुमच्या सासूबाई कशानं गेल्या?" सासूबाई आधी लाल झाल्या. पण तासाभरात त्यांच्या घराण्यातला मधुमेह, दमा आणि एक वेडे काका फरशीवर उतरले होते. तुमचे आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "आई, मुहूर्त बघा. याहून जास्त कुंडल्या आता जुळायच्या नाहीत."

लग्नात माझं नाव बदलू नका, अशी वेणूताईंची सक्त ताकीद होती. "पुढच्या डॉक्टरला बसचे धक्के कशाला?"

आई अजून अशक्त होती. म्हणून सासरी पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर त्याच आल्या. रोज सकाळी माझी वेणी घालत. घट्ट, टाके घालावेत तशी.

परत निघायच्या दिवशी सासूबाई खण-नारळ घेऊन आल्या. "या वेणूताई, ओटी भरते. पदर धरा."

जिल्ह्यातल्या कितीतरी बायका ज्यांच्या हातावर बाळंत झाल्या, त्या वेणूताई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "कसा धरतात गं? माझी कुणी भरली नाही कधी."

मी त्यांच्या पदराची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. नारळ पडला तसा पदर खाली झुकला. त्यांनी तो छातीशी धरला, आणि टांगा गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत दोन्ही हातांनी तसाच धरून बसल्या होत्या.