चाळिसावी खुर्ची

"बसलास का रे?"

करवतीच्या घरघरीवर चढून येणारा वडिलांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. पाहुण्याला प्रेमानं विचारतात तसा नव्हे, चांगला दरडावून! आमचा खुर्च्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबोडी पत्र्याची शेड, सहा कारागीर आणि एक मिस्त्री. तिथला कायदाही एकच. तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी बसायचं, अंगाचा सगळा भार टाकायचा आणि एक ओवी म्हणून होईस्तोवर उठायचं नाही. ओवीसुद्धा वडिलांनीच रचलेली:

लाकूड मुकं मुकं, त्याला बोलतं करावं,
भार टाकून अंगाचा, मग दारातून न्यावं.

ओवी संपेपर्यंत खुर्ची गप्प राहिली तर दाराबाहेर जायची. करकरली तर पुन्हा ठोकठोक!

वडील गेले. ओवी मिस्त्रींकडे राहिली आणि कारखाना माझ्याकडे आला. आणि मी ठरवलं की यंदा यशस्वी व्हायचंच!

ठरवणं भाग होतं. शेड भाड्याची, आणि शेडवाला ती विकायला निघालेला. आम्ही घेतली नाही तर महिनाअखेरीला कारागीर, मिस्त्री आणि वडिलांचे रंधे, सगळेच रस्त्यावर. म्हणून मी यशाच्या एकदिवसीय शिबिराला गेलो. तिथे साबणाचे कारखानदार बोलले, एका दुकानाची शंभर केलेले गृहस्थ बोलले, हजारो माणसांवर हुकूम चालवलेले एक निवृत्त साहेब तर इतके बोलले की माइक तापला! शेवटी पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या एक गुंतवणूकदार बाई उठल्या, दोन वाक्यं बोलल्या आणि बसल्या. मी तेव्हा साहेबांचं सूत्र उतरवून घेत होतो, त्यामुळे बाईंचं काही ऐकलंच नाही. पण शिबिर संपल्यावर त्यांना जिन्यात गाठलं, शेडचं सांगितलं आणि कारखाना बघायला यायचं कबूल करून घेतलं. धडाडी म्हणतात ती हीच!

घरी आलो तो वहीत एक्कावन्न सूत्रं घेऊन. त्यातली तीन दुसऱ्याच दिवशी शेडच्या भिंतीवर रंगवली. निर्णय सात आकडे मोजायच्या आत. घेतलेला निर्णय मागे नाही. उभा माणूस लवकर ठरवतो, बसलेला लांबवतो.

"अहो," बायको म्हणाली, "खुर्च्या करणाऱ्यानं उभं राहायचं म्हणजे न्हाव्यानं दाढी वाढवण्यासारखं झालं!"

सात आकड्यांत मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी निघून गेलो.

पहिला निर्णय घेतला तो बसून बघणं बंद करण्याचा. एका खुर्चीला एक ओवी, शंभर खुर्च्यांना शंभर ओव्या. अशानं यश यायचं कधी?

"मालक," मिस्त्री म्हणाले, "मला जरा... म्हणजे असं की... तुमचे वडील..."

मिस्त्रींचं वाक्य चढणीच्या वाटेनं येतं आणि मध्ये दोनदा दम खायला बसतं. मी बोटांवर मोजायला लागलो. "पाच... सहा... सात! संपली वेळ, मिस्त्री!"

ते रंधा उचलून गेले. त्यानंतर रोज सकाळी येत. "मालक, एक सांगायचं होतं." आणि रोज सात आकडे संपत.

दुसरा निर्णय म्हणजे नेत्याला शोभेल अशी खुर्ची. ती मी स्वतः केली! पाठ डोक्याच्या वर हातभर, हातांवर कोरीव वेली, पाय बारीक आणि डौलदार, जणू नाचायलाच निघालेली. माझ्या आयुष्यातली पहिली खुर्ची! टेबलामागे ठेवली आणि तिच्या शेजारी मी दिवसभर उभा राहू लागलो. दुपारी कानात इअरफोन घालून, डोळे मिटून यशाची भाषणं ऐकायचो, तीही उभ्यानंच.

बाई यायच्या होत्या गुरुवारी तीनला. त्याच सकाळी फोन खणखणला. दोन गल्ल्या पलीकडच्या संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

"चारला मुलांचा कार्यक्रम आहे आणि भाड्याच्या खुर्च्या आल्याच नाहीत हो! चाळीस मिळतील का विकत?"

एक... दोन... तीन... "हो!" तीनच आकडे! माझाच मला अभिमान वाटला.

मोजायला गेलो तर तयार खुर्च्या निघाल्या एकोणचाळीस. त्यात बाईंना दाखवायचा नमुनाही आला. मिस्त्री लाकडाच्या वखारीत गेलेले, विचारायचं कुणाला? आणि घेतलेला निर्णय मागे तर नाहीच! मी माझी नेत्याची खुर्ची उचलली आणि टेम्पोत चढवली. त्याग केल्याशिवाय का कुणी मोठं होतं?

तीनला बाई आल्या. मिस्त्रीही वखारीतून परतले होते. बाईंनी शेडभर नजर फिरवली आणि काठीवर भार दिला.

"गुडघा दुखतोय. बसू कुठं?"

मी उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. शेडमध्ये लाकूड होतं, भुसा होता, सरस होता. खुर्ची नव्हती! मी घाईनं रंगाचा रिकामा डबा पालथा घातला. बाईंनी काठीनं ढोसला, तसा तो आडवा होऊन गडगडत थेट दारापर्यंत गेला.

"खुर्च्यांच्या कारखान्यात खुर्ची नाही?"

"खपच इतका आहे ना! आजच चाळीस गेल्या," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "तुमच्याकडे प्रत्येक खुर्चीवर बसून बघितल्याशिवाय ती बाहेर जात नाही, असं ऐकलंय. त्यासाठीच मी आले."

"अर्थातच!" हे माझ्या तोंडून निघून गेलं. एक आकडासुद्धा मोजून झाला नव्हता! मागे मिस्त्री खोकले.

"मग आज गेलेल्या खुर्च्या कुठं आहेत? चला, आपणही तिथेच जाऊन बसू."

दोन गल्ल्या मी कशा चाललो, ते माझं मला माहीत. एकोणचाळीस खुर्च्या, एकीवरही कुणी बसलेलं नाही, आणि त्यांच्यावर आता आया, बाप, आज्या, तबल्याचे गुरुजी असे सगळे एकदम बसणार! माझ्या डोळ्यांपुढे अख्खं सभागृह एका सुरात करकरू लागलं. मिस्त्री माझी बाही ओढत होते.

"मालक, एक सांगायचं..."

"नंतर, मिस्त्री!"

सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बाई दारात मुख्याध्यापिकांशी बोलत उभ्या होत्या, तेवढ्यात मी मागच्या रांगेत शिरलो. बसलो, भार टाकला, उठलो. दुसरीवर बसलो, उठलो. सुगीतल्या पाखरासारखा मी या खुर्चीवरून त्या खुर्चीवर!

"आई, ते काका काय खेळतायत?" तंबोरा घेतलेल्या एका मुलीनं विचारलं.

"बघू नकोस तिकडे," आई म्हणाली.

अकरा झाल्या. बारा झाल्या. आणि पुढून मुख्याध्यापिकांचा गोड आवाज आला, "या ना बाई, आपल्यासाठी ही खास खुर्ची ठेवलीय!"

मी मान वर केली. पहिल्या रांगेच्या मधोमध, डोक्याच्या वर हातभर पाठ काढून, नाचऱ्या पायांवर माझी खुर्ची उभी होती! मिस्त्रींनी ती आत्ताच पाहिली असावी. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"मालक!" ते ओरडले. तीस वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "ती... ती..."

पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. बाई वळून टेकायच्या बेतात होत्या. मी तीन रांगा ओलांडल्या, एका गुरुजींच्या मांडीवरून गेलो आणि बाईंच्या आधी त्या खुर्चीत जाऊन आदळलो!

भर सभेत! वृद्ध, दुखऱ्या गुडघ्याच्या, आमचं नशीब पिशवीत घेऊन आलेल्या बाईंना उभं ठेवून!

मुख्याध्यापिकांचं तोंड उघडंच राहिलं. मग माझ्याखाली बारीकसं 'कर्र' झालं. मग जरा मोठं. मग नाचऱ्या पायांनी चार दिशांना नाच केला आणि मी वेलींसकट जमिनीवर आलो.

बाई काठीवर वाकल्या. "लागलं का?"

"नाही." डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते लागल्याचं नव्हतं. मग खालूनच मी सगळं सांगून टाकलं. सात आकडे, भिंतीवरची सूत्रं, बंद केलेली ओवी. "बाई, मघाशी मी खोटं बोललो. यातल्या एकाही खुर्चीवर कुणी बसलेलं नाही. मी सगळ्या परत नेतो. निर्णय मागे घेतो."

"म्हणजे एकोणचाळीस उरल्या, त्यांचाही भरवसा नाही?"

मी मोडलेल्या वेली गोळा करू लागलो. आणि मागून हळूहळू, चढण चढत एक आवाज आला.

"आहे. भरवसा... आहे."

मिस्त्री पुढे आले. टोपी हातात. "मी बसलोय बाई. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस खुर्च्यांवर. ओवी म्हणून. मालक दुपारी कानात ते घालून डोळे मिटायचे ना... तेव्हा."

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या साध्या खुर्चीवर अंग सैल सोडून बसल्या. खुर्ची मुकी राहिली. मुलं गायली, गुरुजींचा तबला वाजला, टाळ्या पडल्या आणि तासभर एकाही खुर्चीनं तोंड उघडलं नाही. त्या गाण्यापेक्षा ती शांतता मला गोड वाटली!

निघताना बाई म्हणाल्या, "शेडवाल्याला सांगा, विकायचं थांबव. पैशांचे कागद मी पाठवते."

"पण... मी तर..."

"शिबिरात मी दोनच वाक्यं बोलले होते. चूक स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस शोधा. आणि त्याच्या मागे गुपचूप काम करणारा दुसरा असला, तर आणखी काही विचारू नका. तुम्ही लिहून घेत होतात, वाटलं ऐकलंत."

परतताना माझं अंग पिसासारखं हलकं झालं होतं. मोडकी खुर्ची आम्ही दोघांनी मिळून उचलली होती, पाठ माझ्याकडे आणि पाय मिस्त्रींकडे.

"मिस्त्री, एकोणचाळिसांवर बसलात. मग हिच्यावर का नाही बसलात?"

एक गल्ली संपली.

"सांगा की. आज आकडे मोजत नाही."

दुसरी गल्ली संपत आली, तेव्हा त्यांनी चारी पाय या काखेतून त्या काखेत घेतले.

"बसलो होतो, मालक. पहिल्याच दिवशी. 'लाकूड मुकं' म्हणालो आणि... उठलो." त्यांनी घसा साफ केला. "पण तुमची पहिली खुर्ची. कसं सांगायचं? जीभ रेटेना. रोज म्हणायचो, आज सांगू. मग म्हटलं, जाऊ दे. तसेही मालक दिवसभर उभेच असतात!"