नॉर्मलची नवी पट्टी

लांब पल्ल्याच्या धावपटूचं शरीर संस्थेच्या ताब्यात असतं; त्यातली हार्मोन्स मात्र अजूनही आपल्या मर्जीनं वागतात. क्रीडाविज्ञानातली सगळी बेशिस्त इथूनच सुरू होते.

दर सोमवारी पहाटे सहाला प्रशिक्षण केंद्राच्या तळमजल्यावर रांग लागे आणि रक्त काढणाऱ्या बाई एकेकीच्या दंडाला पट्टा आवळत. मुली त्यांना लाडानं डासताई म्हणत. ताईंचा हात हलका होता. खोड एकच, आलेला आकडा जसाच्या तसा लिहायची. नॉर्मलबाहेरचा आकडा लाल शाईनं लिहावा असा नियम होता, आणि बावीस मुली आठवड्याला एकशे ऐंशी किलोमीटर पळत होत्या. ताणाचं कॉर्टिसोल छताला टेकलेलं, इस्ट्रोजेन तळाला गेलेलं, आणि एकोणीस जणींची पाळी वर्षभर बंद, उरलेल्या तिघींची अनियमित. (ही शेवटची नोंद मुख्य प्रशिक्षकांनी 'समर्पण' या सदरात घेतली होती.)

लाल शाई फार खपू लागली, तशी भांडार विभागानं लेखी विचारणा केली. प्रश्न शाईचा असल्यामुळे समिती ताबडतोब नेमली गेली. तिनं पाच बैठका घेतल्या (तिसरी, दुसरीचं इतिवृत्त हरवलं म्हणून) आणि निष्कर्ष काढला की दोष मुलींत नाही, शाईतही नाही, नॉर्मलमध्ये आहे. जुनी पट्टी न पळणाऱ्या, पोटभर जेवणाऱ्या बायकांवरून आखलेली होती. नवी पट्टी आपल्याच बावीस मुलींच्या सरासरीवरून आखावी, असं ठरलं. पुढच्या सोमवारी सगळा तक्ता निळा. एका ठरावात बावीस जणींना बरं करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

मग दहाहजारी परत आली. दहा हजार मीटर पळायची, म्हणून दहाहजारी. ठरावानंतर पायाचं बोट मोडून ती दोन महिने आईकडे होती. आईनं तिला जेवू घातलं आणि झोपू दिलं. (दोन्ही बाबी प्रशिक्षण आराखड्याबाहेरच्या.) दंड पुढे करताना ती हळूच म्हणाली, "ताई, आली."

"काय आली गं?"

"पाळी. दोन वर्षांनी. आई तर रडलीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अशीच बंद राहिली तर हाडं ठिसूळ होतील."

ताईंना इतका आनंद झाला की त्या भरात त्यांनी आकडे सवयीनं खरेच लिहिले. बाविसांत हिचे एकटीचे लाल.

निदान झालं: हार्मोनची बेशिस्त. उपचार ठरला: नॉर्मल होईपर्यंत रोज बारा किलोमीटर जादा, रात्रीच्या जेवणात कपात. ताई जिना चढून प्रशिक्षकांकडे गेल्या.

"सर, ही एकटीच बरी आहे हो."

"एकवीस जणी एकीकडे, ही एकीकडे. आजारी कोण, तुम्हीच सांगा."

ताई जिना उतरल्या. पोरीची हाडं मात्र डोळ्यांपुढून हलेनात. पुढच्या सोमवारी, वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, त्यांनी खोटा आकडा लिहिला. निळा, नॉर्मल. आता तरी पोरगी सुटेल म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

प्रशिक्षकांनी तक्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा, उपचार लागू पडतोय. चालू ठेवा."

ताईंनी पुढचे पाच सोमवार खोटं लिहिलं, कारण आता खरं लिहिलं तर बारांचे वीस किलोमीटर झाले असते. सातव्या सोमवारी खोटं लिहायची गरज उरली नाही. दहाहजारीनं दंड पुढे केला; ताईंनी आलेला आकडा जसाच्या तसा लिहिला, निळ्या शाईनं.

दोन महिन्यांनी मोठी शर्यत झाली. नडगीचं हाड दुखत असतानाही ती पळाली.

आता वाचकांच्या मनात एक प्रश्न असणार, आणि तो स्वाभाविक आहे. हो, मिळालं. रौप्य.

(याखेरीज तिच्याबद्दल आणखी काही विचारायचं असल्यास ताई सोमवारी सहापासून बसलेल्या असतात. अजूनपर्यंत कुणी आलेलं नाही.)