टोपलीतले किलोमीटर

मंगळवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी कॅप्टनना सायकलवर अपघात झाला. त्या वेळी कॅप्टन बेकरीच्या मागच्या बाजूला लावलेल्या आपल्या गाडीत, सीट मागे पाडून, डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून गाढ झोपले होते.

अपघाताची खबर डबीने दिली. ही डबी सायकलच्या हँडलवर बसते, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. किती किलोमीटर गेलात, कोणत्या रस्त्याने गेलात, कुठे किती वेळ रेंगाळलात हे सगळं ती टिपते, आणि जोरात आपटली तर मालकाच्या दोन माणसांना आपोआप निरोप धाडते. ती दोन माणसं कॅप्टननी स्वतःच नेमली होती. एक बायको आणि दुसरे गटातले दातांचे डॉक्टर. दातांचे का होईना, डॉक्टर ते डॉक्टर, असा त्यामागे विचार होता. हेच डॉक्टर दर महिन्याच्या किलोमीटरच्या यादीत आपल्या मागे दुसरे असतात, तेव्हा आपल्या अपघाताने त्यांना होणारं दुःख बेताचंच असेल, हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

गट म्हणजे पंचवीसेक सद्गृहस्थ. आठवडाभर खुर्चीत बसून वाढवलेली पोटं ते रविवारी सकाळी तंग रंगीत कपड्यांत कोंबतात आणि रस्त्यावर येतात. सायकल चालवायच्या जागेपर्यंत सायकल गाडीवर बांधून नेतात. सायकलचं वजन मूठभर कमी व्हावं म्हणून पगारच्या पगार ओततात. स्वतःचं वजन मूठभर कमी केलं तर तेच काम फुकटात होईल, हे आजवर कोणी बोललेलं नाही. महिन्यात ज्याचे किलोमीटर सर्वांत जास्त तो कॅप्टन. त्याला पिवळी जर्सी मिळते, सगळ्यांच्या पुढे चालवायचा मान मिळतो आणि कॉफी कुठे प्यायची हे तो ठरवतो.

आपले कॅप्टन विमा कंपनीत दावे तपासायला बसत. लोकांचे खोटे अपघात हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कचेरीत त्यांना लोक घाबरत, पण विचारत नसत. घरात ना घाबरत, ना विचारत. पिवळी जर्सी ही त्यांच्या आयुष्यातली पहिली गोष्ट, जिच्यामुळे माणसं आपण होऊन बाजूला सरकून त्यांना जागा देऊ लागली. ती एकदा अंगावर चढल्यावर उतरवायची कशी?

आणि नेमका तेव्हाच गुडघ्याने संप पुकारला. सकाळी उठून चाळीस किलोमीटर जाणं म्हणजे शिक्षा वाटायला लागली. एक दिवस बेकरीपाशी कॉफी घेत बसले असताना त्यांना पाववाला दिसला. साधी, जाडजूड, मागे भली मोठी टोपली बांधलेली सायकल. हा माणूस रविवार सोडला तर रोज सकाळी घरोघर पाव टाकत अख्खी वस्ती पालथी घालून परत येई. कॅप्टननी मनातल्या मनात गुणाकार केला. दुसऱ्या दिवसापासून डबी पावाच्या टोपलीत गेली आणि कॅप्टन गाडीत झोपू लागले. पाववाल्याने एकदाच विचारलं होतं, "साहेब, ही घेऊन फिरायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

"काही नाही. तुझं काम तू कर."

"मग ते मी करतोच की," असं म्हणून त्याने डबी पावांच्या मधोमध खोचली.

आठच्या सुमारास पाववाला परत आला की कॅप्टन उठत, बाटलीतलं पाणी तोंडावर आणि पाठीवर शिंपडत आणि घामाघूम होऊन घरी जात.

गटाला नकाशा पाहून सुरुवातीला जरा कोडं पडलं. कॅप्टन मोकळा हमरस्ता सोडून गल्लीबोळांतून का फिरतात, आणि दर पन्नास पावलांवर का थांबतात? डॉक्टरांनी ते रविवारी सर्वांसमोर विचारलं. कॅप्टननी कॉफीचा घोट घेतला आणि शांतपणे सांगितलं, की हा परदेशी सराव आहे, थांबा आणि निघा. पायातली ताकद निघण्यात असते, जाण्यात नसते. त्या आठवड्यापासून पंचवीस सद्गृहस्थ पहाटे उठून परक्यांच्या फाटकांसमोर थांबायला आणि निघायला लागले. दोन वसाहतींच्या पहारेकऱ्यांनी पोलिसांना फोन केले. येत्या रविवारी शहरातल्या सगळ्या गटांचा मेळावा होता आणि त्यात 'थांबा आणि निघा' या विषयावर कॅप्टनचं भाषण ठेवलेलं होतं.

तर त्या मंगळवारी काय झालं, की पाववाल्याने एका निळ्या फाटकाशी सायकल टेकवली आणि तो आत गेला. एका कुत्र्याने टोपलीत तोंड घातलं. सायकल धाडकन पडली, डबी उडून फाटकाच्या आत पायरीशी गेली. पाववाल्याने बाहेर येऊन कुत्र्याला हाकललं, पाव गोळा केले आणि तो पुढच्या घरी गेला. पायरीशी पडलेली डबी त्याला दिसली नाही. डबीने मात्र आपलं कर्तव्य केलं.

कॅप्टनच्या बायकोने निरोप वाचला. तिने नवऱ्याला फोनवर फोन लावले. फोन गाडीत मुका करून ठेवलेला होता. ती घरच्याच कपड्यांत स्कूटरवर बसली आणि नकाशातल्या ठिपक्यावर पोचली, तेव्हा डॉक्टरांनी गटावर खबर टाकल्यामुळे अर्धा गट तिथे आधीच हजर होता. रक्त कुठे नव्हतं, सायकल नव्हती, कॅप्टनही नव्हते. डबी तेवढी पायरीशी लुकलुकत होती. फाटकावर पाटी होती, 'येथे कपडे शिवून मिळतील'.

आतून एक बाई गळ्यात मापाची फीत अडकवून बाहेर आल्या. रंगीबेरंगी जमाव पाहून त्या दारातच थबकल्या. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, आत्ता इथे सायकलवरून कोणी पडलं का हो?"

"पडलं नाही कोणी. सायकल पडली. ते आत चहा पीत होते."

"आत? तुमच्याकडे?"

"हो. रोजच येतात."

"रोज?" हे बायकोने विचारलं.

"रविवार सोडून," बाई म्हणाल्या. "घोटभर चहा घेतात, दोन शब्द बोलतात, जातात. फार सज्जन माणूस."

रविवारी कॅप्टन गटाबरोबर असत. सगळ्यांना ते माहीत होतं. जमावाने एकदम खाली, रस्त्याच्या डांबराकडे बघायला सुरुवात केली. बायकोने वाकून डबी उचलली, बाईंचे आभार मानले आणि स्कूटर वळवली.

इकडे आठ वाजता पाववाल्याने गाडीच्या काचेवर टकटक केली. "साहेब, डबी कुठेतरी पडली वाटतं." कॅप्टननी फोन पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाटलीतलं पाणी शिंपडायची त्या दिवशी गरजच पडली नाही.

घरी दिवाणखान्यात बायको बसली होती आणि सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर गट बसला होता. टीपॉयवर डबी होती. कॅप्टन धडधाकट आत आले, हे बघून कोणाला आनंद झाल्याचं दिसलं नाही.

बायको ऑडिटमध्ये होती. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "एकच विचारते. निळ्या फाटकाच्या घरी ज्या शिवणकामवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडे तुम्ही रोज जाता?"

कॅप्टनना प्रश्न कळायला क्षणभर लागला. कळला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की सुटकेचा मार्ग अगदी सरळ आहे. नाही म्हणायचं. मी जात नाही, डबी जाते, असं सांगायचं. मग मी कुठे असतो, ते सांगायचं. त्यांनी समोर पाहिलं. डॉक्टर सोफ्याच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पिवळी जर्सी दिसत होती. रविवारचं भाषण, पुढे चालवायचा मान, कॉफी कुठे प्यायची ते ठरवणं, बाजूला सरकणारी माणसं, सगळं कॅप्टनच्या डोळ्यांपुढून एका रांगेत निघून गेलं. एका बाजूला पंचवीस वर्षांचा संसार होता, दुसऱ्या बाजूला या महिन्याचे किलोमीटर होते. दावे तपासणाऱ्या माणसाला असं तोलून पाहायची सवय असते.

"जातो," कॅप्टन म्हणाले.

मग डॉक्टरांनी घसा साफ केला. "हे बघा, हा तुमचा घरगुती मामला आहे. त्यात आम्ही पडणार नाही. पण किलोमीटर खरे आहेत ना?"

"किलोमीटर खरे आहेत," कॅप्टन म्हणाले, आणि यात तसं पाहिलं तर काही खोटं नव्हतं.

गट उठला. जिना उतरताना कोणीतरी हळूच म्हणालं, की चाळीस किलोमीटर आणि वर हे, या वयात, मानलं पाहिजे. कॅप्टनच्या कानांवर ते आलं. त्यांना बरं वाटलं.

बायको दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. रडली नाही, बॅग भरली नाही, माहेरी फोन केला नाही. तिने फक्त आपला फोन काढला. कॅप्टनचा रक्तदाब वाढल्यापासून त्यांच्या मनगटावर एक घड्याळ होतं आणि त्यातले छातीचे ठोके तिच्या फोनवर येत असत. गटाच्या यादीत डबीचे आकडे धरत, घड्याळाचे नाही, म्हणून कॅप्टन ते घड्याळ साफ विसरले होते.

संध्याकाळी ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "अहो, बाईंकडे चहा घेता त्या वेळी तुमचे ठोके किती असतात, माहितीये?"

"अगं, मला काय माहीत."

"चोपन्न. सायकल चालवताना किती? तेही चोपन्न. घड्याळ खाली काय लिहितं, वाचू? 'गाढ झोप. उत्तम.' महिनाभर, रविवार सोडून, रोज उत्तम."

कॅप्टननी बाही मनगटावर ओढून घेतली.

"कुठे झोपता?"

"गाडीत," कॅप्टन म्हणाले. मग हळूहळू बेकरी, टोपली, पाववाला, सगळं बाहेर आलं. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही हसेल. नवरा निष्पाप निघाला, आणखी काय हवं?

बायको हसली नाही. "झोपाळू नवरा मला चालला असता," ती म्हणाली. "बाहेरख्याली निघाला असता तर निदान भांडता आलं असतं. पण ज्याला झोपेपेक्षा बाई सांगायला बरी वाटते, असला नवरा कुठे ठेवायचा ते मला कळत नाहीये."

एवढ्यात दाराची बेल वाजली. दारात पाववाला होता. आज टोपली नव्हती, केस विंचरलेले होते आणि शर्ट नवा होता. तो आत आला नाही.

"साहेब, तुम्ही त्या बाईंकडे जाता म्हणून सांगितलंत?"

कॅप्टननी चष्मा पुसायला घेतला.

"दुपारपासून दोन गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली. तुमच्या मंडळींच्या घरचीच. ती मला विचारते, हे कॅप्टन कोण? मी काय सांगू? मी आज तिला विचारणार होतो, साहेब. लग्नाचं. हा शर्टही तिनेच शिवलाय. ती म्हणाली, आधी माझ्यावरचं हे निस्तर, मग बोल."

"अरे, मी तुला काय हवं ते..."

"मला काही नको. तुम्ही तुमच्या मंडळींना लिहून कळवा. उद्या सकाळपर्यंत. नाहीतर पाव टाकायला मी डॉक्टरांच्या घरीही जातो." त्याने बायकोकडे पाहून मान लववली. "येतो, वहिनी."

"थांबा," बायको म्हणाली. तिने टीपॉयवरची डबी उचलून त्याच्या हातात ठेवली. "ही तुमची. यातलं नाव बदलून तुमचं घालायचं मी बघते."

पाववाल्याने डबी उलटसुलट करून पाहिली. "पण हिचं नेमकं करायचं काय?"

"काही नाही. तुमचं काम करा," बायको म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मग ती कॅप्टनच्या हातात फोन देऊन म्हणाली, "लिहा," आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिली.

कॅप्टननी गट उघडला. 'मित्रांनो' लिहिलं. खोडलं. 'एक छोटासा खुलासा' लिहिलं. छोटासा खोडलं. 'तांत्रिक कारणामुळे' लिहिलं, तेव्हा बायको नुसती खाकरली. ते खोडलं. गटावरची मंडळी आपापल्या घरी फोन हातात धरून बसली होती. 'कॅप्टन टाइप करत आहेत' असं दिसे, थांबे, पुन्हा दिसे. थांबा आणि निघा. डॉक्टरांनी मधेच लिहिलं, की कॅप्टन, घाई नाही, पण जर्सी धुऊन ठेवली आहे ना?

कॅप्टनच्या कपाळावर घाम आला. बाटलीतला नव्हे, खरा. छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ गुरगुरलं. त्यावर अक्षरं उमटली होती, 'तुम्ही जोरदार व्यायाम करत आहात असं दिसतं. नोंद करू?'

कॅप्टननी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि हलकेच 'हो' दाबलं.

गटावर त्यानंतर अजून काही आलेलं नाही.