सोनारीच्या मातीत स्पिंक्सचा उजवा

"आज तोंडातून बॉक्सिंगचा ब जरी निघाला, तर मिशी उतरवून ठेवीन!" गाडीत बसता बसता बब्रुवानने जाहीर केलं.

"मिशी घिऊन म्या काय करू?" त्याची बायको मथुराबाई म्हणाल्या. "पोरीचं जमू द्या म्हंजे झालं."

बाईंची भीती खोटी नव्हती. कळंबच्या बाजारात बब्रुवानची धान्याची आडत होती, पण माणसाचा जीव सगळा बॉक्सिंगमध्ये. तेही साध्यासुध्या नव्हे, सत्तर-ऐंशीच्या काळातल्या लाईट हेवीवेट बॉक्सिंगमध्ये! स्वतः जन्मात कुणाला बुक्की मारली नव्हती. पण मोबाइलवर जुन्या लढती बघून गडी असा तयार झाला होता, की तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही मायकल स्पिंक्स नावाच्या बॉक्सरचा उजवा हात समजावून सांगितल्याशिवाय काटा हलत नसे. लेकीला, राजेश्वरीला, बघायला आलेले मागचे पाहुणे असेच स्पिंक्स ऐकता ऐकता उठले, ते परत फिरकलेच नाहीत.

या वेळी मात्र चुकून चालणार नव्हतं. राजेश्वरी आणि सोनारीचा रणधीर यांनी एकमेकांना पसंत केलं होतं. रणधीरच्या वडलांनी, आण्णासाहेबांनी, भैरवनाथाच्या यात्रेला सहकुटुंब बोलावलं होतं. जेवायचं, कुस्त्या बघायच्या आणि संध्याकाळी सुपारी फोडायची, एवढाच बेत!

बब्रुवान ओसरीत शिरला आणि थबकला. समोरच्या भिंतीवर मिलिटरीतल्या आण्णासाहेबांचा फोटो. बनियनवर, हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज!

"तुमी... खेळायचा?"

"पलटणीत व्हतो तवा," आण्णासाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "लाईट हेवीवेट."

मथुराबाईंनी डोळे मिटून भैरवनाथाचं नाव घेतलं.

पुरणपोळी ताटात पडेपर्यंत दोघं सख्ख्या भावांसारखे बोलत होते. दुसऱ्या पोळीला आण्णासाहेब म्हणाले, "त्या जमान्यात साद मुहम्मदसारखा गडी न्हाय."

बब्रुवानने हातातला घास ताटात ठेवला. पाणी प्यायला, पोरीचा चेहरा आठवला, पुन्हा पाणी प्यायला. पण आतलं काही आत राहीना.

"आन् स्पिंक्स? ह्या वजनात एकदाबी हरला न्हाय त्यो!"

"हारला न्हाय म्हंजे काय लई झालं? जो पडलाच न्हाय, त्यो उठून दावणार कसा? साद मार खायाचा, डोळं सुजायचं, आता पडला म्हणंस्तोर उलटून हाणायचा!"

"मार खायाचाच कशाला? स्पिंक्सचा उजवा बसला असता, तर साद उठायचं इसरला असता!"

"उठला असता!"

"न्हाय उठला असता!"

गंमत अशी, की हे दोन बॉक्सर एकमेकांशी कधी लढलेच नव्हते. म्हणजे भांडण मिटायची सोयच नाही! आण्णासाहेबांच्या धुरपदाबाईंनी तुपाची वाटी अशी आपटली की दोघांनी माना ताटात घातल्या. पण वाद काही विझला नव्हता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसत होता.

दुपारी कुस्त्यांच्या फडात दोघांना पाहुणे म्हणून पुढं बसवलं. बायका शेजारच्या पारावर. एक कुस्ती सुटली, दुसरी जोड यायला वेळ लागला आणि आण्णासाहेब कानाशी लागले, "त्यो उजवा नेमका यायचा तरी कसा? दावा बरं."

"हितं दाटीत न्हाय जमायचं."

"मग चला की मोकळ्यात!"

मोकळी जागा एकच होती, आखाड्याची. लाल मातीत चपला घालून जायचं नाही, हे दोघांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. त्यांनी चपला काढल्या. मातीला हात लावून तो कपाळाला लावला. आणि बब्रुवानने, अंतराचा अंदाज दाखवावा म्हणून, डावा हात पुढं केला. आण्णासाहेबांनी तो धरला.

झालं! माती कपाळाला लागली, हाताला हात भिडला, म्हणजे सलामी झाली! हलगी कडाडली. पुकारणारा भोंग्यावर ओरडला, "कळंबचे बब्रुवान विरुद्ध सोनारीचे आण्णासाहेब! जोड लागली हो!"

"अवो, आमी निस्तं बोलत हाओत!" बब्रुवान ओरडला. हलगीपुढं कोण ऐकतो? आणि सलामी देऊन माघारी फिरलेल्या माणसाला आपल्या भागात लोक पुढं कित्येक वर्षं यात्रेला यायचं निमंत्रण मुद्दाम देतात, हसायला!

बब्रुवानने मनात हिशेब केला. होणाऱ्या व्याह्याला त्याच्याच गावात, त्याच्याच यात्रेत चीत केलं तर सोयरीक मोडलीच! त्याने ठरवलं, आपणच पडायचं. तिकडं आण्णासाहेबांनीही तेच ठरवलं. दारी आलेल्या पाहुण्याची पाठ मातीला लावायची?

मग सोनारीच्या फडात कधी न झालेली कुस्ती सुरू झाली. दोघंही खाली जायला बघत होते आणि दोघंही एकमेकांना पडू देत नव्हते!

"पडू द्या की मला!"

"तुमी पाव्हणं! मीच पडतो!"

"अरे, कुनी तरी पाडा रे कुनाला!" पंच वैतागला.

शेवटी आण्णासाहेबांनी हिसका मारला आणि गुडघ्यावर बसले. पाठ टेकणार एवढ्यात त्यांच्या अंगात साद मुहम्मद संचारला. ते गर्रकन उठले. "बगितलं? उठला का न्हाय?"

बब्रुवानचं भान सुटलं. सोयरीक, राजेश्वरी, सुपारी, काही आठवेना. "मंग ह्यो घ्या!" म्हणत त्याने जन्मातला पहिला उजवा हाणला. नेम होता हवेत. लागला फेट्याला!

आण्णासाहेबांचा गुलाबी फेटा उडाला आणि उलगडत उलगडत मातीत पडला. हलगी बंद. भर यात्रेत व्याह्याचा फेटा मातीत! बब्रुवानला वाटलं, भैरवनाथानं आता आपल्याला उचलून न्यावं. पोरीला काय तोंड दाखवायचं? त्याचे डोळेच भरून आले. तो फेटा गोळा करत म्हणाला, "माजं चुकलं. पोरीवर राग धरू नका."

आण्णासाहेब बोडक्या डोक्यावर हात ठेवून उभे. "पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "उजवा खरंच दिसला न्हाय बगा."

तेवढ्यात पारावरून धुरपदाबाई तरातरा आल्या. मागं मथुराबाई. लोक बाजूला झाले.

"आमी सुपारी फोडली," धुरपदाबाई म्हणाल्या. "तुमी दोगं जेवताना भांडत हुता तवाच."

बब्रुवानचा विश्वास बसेना. "वैनी, पर हे असं झाल्यावरबी?"

"हे असं हाय म्हणूनच! पलटण सोडून आल्यापासून त्यो साद म्या एकटी ऐकतीया. इतक्या वर्षांनी उलट बोलणारा माणूस घावला, त्यो हातचा सोडीन व्हय?"

"आन् माज्या कानाला स्पिंक्सपास्नं सुटी," मथुराबाईंनी पदर खोचला. "पोरगी नांदायला इकडं, ह्यांचा फोन बी इकडंच!"

तेव्हा कुठं बब्रुवानच्या डोक्यात उजेड पडला. दोन घरांनी मुलांचं जमवलं होतं ते खरं, पण विहिणींनी खरी जोड लावली होती ती या दोन घोड्यांची! त्याने ओशाळून आण्णासाहेबांकडं बघितलं. फेट्याची माती झटकत आण्णासाहेब पुढं सरकले.

"व्याही," ते म्हणाले, "मिडलवेटमदी तुमचं काय मत हाय?"