सावंतांचं मॅन्युअल

सावंतांच्या अख्ख्या प्रोग्रॅममध्ये टीप म्हणून एकच ओळ सापडायची. तीही रोमन अक्षरांत आणि अस्सल मालवणीत: ‘हयसर हात लावू नको. लावलंस तर तुझा तू बघ.’

मी तेव्हा कंपनीत नवीन होते. आपण काय केलंय ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून प्रोग्रॅममध्ये टिपा लिहायच्या असतात, असं क्लासमध्ये शिकून आले होते. भीत भीत विचारलं, “सावंत, पण हात का लावायचा नाही?”

“बंद पडता.”

“का बंद पडतं?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “ता माका तरी खंय म्हायत?”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला मरोळच्या एका गाळ्यात आमची कंपनी होती. खाली बेअरिंगचा कारखाना, वर आम्ही. एसी कॉम्प्युटरच्या खोलीत, आम्हाला पंखा. मुलुंडच्या एका औषधांच्या फॅक्टरीचा पगाराचा प्रोग्रॅम सावंतांनी केला होता. तिथे तो चालवायच्या गायकवाडबाई. महिनाअखेर आली की त्यांचा फोन यायचा, “सावंतसाहेब, अडलं हो.” की सावंत बॅग उचलून पवईमार्गे बसने मुलुंडला. फोनवर सांगणं त्यांना पटायचं नाही आणि लिहून देणं तर नाहीच. “बोललं की माणसाला कळतं,” ते म्हणायचे, “लिहिलं की झोप येते.”

एक दिवस फॅक्टरीने कळवलं की मॅन्युअल दिल्याशिवाय काम पुरं झालं असं आम्ही मानणार नाही. आमच्या कामतसाहेबांनी सावंतांना बोलावलं आणि त्या दिवसापासून सावंतांची वाट लागली.

पहिलं मॅन्युअल अर्ध्या पानाचं झालं. ते त्यांनी रिसेप्शनवरच्या डिसोझाबाईंना वाचायला दिलं. पहिलीच ओळ होती, ‘मशीन चालू करून महिना टाका.’

“टाका मीन्स?” डिसोझाबाई म्हणाल्या. “कुठे टाकू?”

सावंतांनी कागद फाडला.

मग त्यांनी उलट टोक गाठलं. दुसऱ्या मॅन्युअलमध्ये नुसतं मशीन चालू करायला कित्येक पानं गेली. त्यात खुर्ची पुढे ओढा होतं, फ्लॉपीवर चहाचा कप ठेवू नका होतं, आणि लाइट गेले तर काय करावं यावर तर एक पूर्ण प्रकरण होतं. कामतसाहेबांनी ते चाळलं आणि हताश होऊन म्हणाले, “सावंत, हे मॅन्युअल आहे की संसार?”

तेही फाडलं. मग साहेबांच्या सांगण्यावरून इंग्रजीत सुरुवात झाली: ‘द युजर शुड...’ सावंत तिथेच अडले. डबा न उघडता दुपारभर त्या तीन शब्दांकडे बघत बसले.

“हा युजर कोण गो?” शेवटी ते माझ्यावर ओरडले. “चष्मा आहे त्याला? मशीनला घाबरतो? माणूस माहीत नाही, त्याला सांगू काय मी?” मग आवाज खाली आला. “प्रोग्रॅम चुकला तर मशीन सांगतं, चुकलास म्हणून. हे चुकलं तर मला कोण सांगणार?”

मी आपलं म्हटलं, “मुलुंडला गायकवाडबाईंना सांगता ना, तसंच लिहा.”

आठवड्याभरात मॅन्युअल झालं. मराठीत. ‘बाई, आता पडदा काळा होईल. घाबरू नका. मशीन विचार करतंय. तोवर तुम्ही पाणी पिऊन या.’

कामतसाहेब हसत सुटले. मग हसू आवरून म्हणाले, “झकास आहे. फक्त त्यातली बाई काढा.”

“बाई काढली तर मला पण काढा,” सावंत म्हणाले.

बाईंसकट मॅन्युअल मुलुंडला गेलं. आणि मुलुंडहून फोन यायचे बंद झाले.

साहेब खूश. सावंत मात्र महिनाअखेरीला डिसोझाबाईंच्या टेबलाशी घुटमळायचे. “मुलुंड?” “नो, सावंत.” सावंतांनी लग्न केलं नव्हतं. वाकोल्याला भावाच्या घरी राहायचे. तिथे टीव्ही होता, पुतण्यांच्या परीक्षा होत्या, पण ‘सावंतसाहेब, अडलं हो’ म्हणणारं कोणी नव्हतं. पूर्वी मुलुंडहून आले की त्या दिवशी ते बोलायचे. गायकवाडबाईंच्या मुलीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली, बाई एकट्याच धावपळ करतात, असलं काहीबाही. आता तेही थांबलं.

पुढे प्रोग्रॅम बदलला म्हणून मॅन्युअलची नवी प्रत काढायची होती. टाइप करताना माझ्या लक्षात आलं. “सावंत, एक पायरी राहिली. जुना महिना बंद केल्याशिवाय नवा उघडत नाही, ते लिहिलंच नाही.”

“म्हायत आसा.”

“मग?”

“रवांदे गो,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “अडलं तर विचारतील.”

मी तसंच टाइप केलं. महिनाअखेर आली, गेली. फोन आला नाही.

नंतर प्रिंटरची रिबन द्यायला मी मुलुंडला गेले. गायकवाडबाई भलत्या खुशीत होत्या. “तुमची एक पायरी राहिली होती बरं का! पण मीच शोधली. घाबरायचं नाही म्हणून सावंतसाहेबांनीच शिकवलंय ना.” मग रिबनच्या खोक्याशी चाळा करत म्हणाल्या, “बरे आहेत ना ते? आता काही बिघडतच नाही. उगाच कसं बोलवायचं माणसाला?”

दुसऱ्या दिवशी सावंतांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. उठून फोनची डायल फिरवली. मुलुंडची लाइन डेड. पुन्हा फिरवली. मग रिसीव्हर ठेवला आणि बॅग उचलली.

कामतसाहेब दारातच भेटले. “कुठे सावंत?”

“मुलुंडला.”

“का? काय बिघडलं?”

“काय नाय,” सावंत म्हणाले. “सगळा बरोबर चल्लाहा. ता बघून येतंय.”